मनू तुमच्याकडे असताना

बाई, तुम्ही गेलात हे मी मनूला सांगितलं. तिला समोर बसवलं, दोन्ही हातांनी तिचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि म्हटलं, "मनू, राणेबाई गेल्या." माझ्या कानामागे कुठेतरी बघत ती म्हणाली, "राणेबाई गेल्या." मग उठली आणि खोलीभर फिरत तेच म्हणत राहिली. माझ्याच सुरात, रेडिओवरची जाहिरात म्हणते तसं. शेजारीण दारात येऊन बघून गेली. मनूला गप्प करायचं मला सुचेना. आपण काय बोलतोय ते तिला कळतं की नाही, हे इतक्या वर्षांत मला कधी नीट उमगलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, कळत नसेल तर बरं.

भेटायला येणारे सांगतात, रडून मोकळी हो. पण मला रडूच येत नाही. मला भीती वाटते. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती येऊन बसलेली असते. तुम्ही असताना नव्हती असं नाही. तुम्ही तर मला म्हणायचात, "लता, तुला कशाची भीती वाटत नाही ते सांग, यादी छोटी होईल." पण आठवड्यातून एक दुपार ती भीती मी तुमच्या दारात उतरवून ठेवायची, डोक्यावरचा भारा उतरवावा तशी. आता ती कुठे ठेवू?

धुळ्याची गिरणी बंद पडत आली तेव्हा आम्ही सिल्वासाला आलो. इथे धाग्याच्या कंपन्या नव्यानं निघत होत्या, आमच्या ह्यांना लगेच काम लागलं. कंपन्यांच्या बाजूला, आमलीत, एक खोली घेतली. मनू तेव्हा पाच वर्षांची. दिसायला इतकी गोड की लोक थांबून गाल ओढायचे आणि ती किंचाळली की दचकून मागे व्हायचे. पाणी वाहताना दिसलं की ती धावत सुटायची. नळ, गटार, विहीर, काहीही. रात्र रात्र जागायची. मनगट चावून चावून तिथली कातडी जाड झाली होती. सासूबाई म्हणायच्या, बाहेरचं आहे. एका भगताकडे दोनदा नेऊन आणली. मग मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेली, तिथल्या डॉक्टरांनी एक इंग्रजी शब्द सांगितला, ऑटिझम. ह्यांनी विचारलं, "औषध काय?" डॉक्टर म्हणाले, "औषध नाही. सांभाळायचं." कोणी सांभाळायचं आणि त्या माणसाने कधी बसायचं, ते काही ते बोलले नाहीत.

तिला शाळेत घालायला घेऊन गेले, तिथे तुम्ही भेटलात. कोणत्याच शाळेत तिला घेत नव्हते, तुमच्याही शाळेत नाही घेतलं. मनूने तिथला पाण्याचा माठ कलंडवला आणि त्या पाण्यात बसली. मी तिला ओढत फाटकाबाहेर आणली, तर मागून हाक आली, "ओ, थांबा जरा!" गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, पातळ खोचलेलं. खेळाच्या बाई. मला वाटलं, माठाबद्दल ओरडायला आल्या.

"शेवटचं कधी झोपलात?" तुम्ही विचारलंत.

मी बोटांवर रात्री मोजायला लागले.

"शनिवारी आमची शाळा सकाळची असते. दुपारी हिला माझ्याकडे आणून सोडा. टोकरखाड्याला सरकारी क्वार्टर्स आहेत ना, तिथे राणेबाईंचं घर विचारा. संध्याकाळी येऊन घेऊन जा."

"आणि मी काय करू?"

"झोपा."

मी आले नाही. तुमची ना ओळख ना देख. असं कोण कोणाचं पोर सांभाळतं? मग एक दिवस स्टोव्हवर भाजी टाकलेली असताना बसल्या बसल्या माझा डोळा लागला. चटका बसल्यासारखं झालं म्हणून दचकून जागी झाले. पदराच्या टोकाला जाळ लागला होता आणि मनू शेजारी उभी राहून त्याच्याकडे बघत हसत होती. पदर मी हातानेच विझवला. शनिवारी तिला घेऊन टोकरखाड्याला आले.

तो पहिला शनिवार तुम्ही पुढे सगळ्यांना हसत हसत सांगायचात. मला अजून हसू येत नाही. तुम्ही तिला आत घेतलंत, दार लावलंत आणि मी घरी गेलेच नाही. क्वार्टर्सच्या मागे धुण्याच्या दगडापाशी उन्हात उभी राहिले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग शिट्टी वाजली आणि पाठोपाठ मनूची किंकाळी. मी दार धडाधडा वाजवलं. तुम्ही उघडलंत, तुमच्या दंडावर दातांचे ठसे, रक्त आलेलं.

"सवयीने शिट्टी वाजवली गो," तुम्ही म्हणालात. "माझंच चुकलं. पण तुम्ही इतक्यात कशा आलात?"

"मी गेलेच नव्हते."

"इथेच उभ्या होतात? एवढ्या उन्हात?"

"मला भीती वाटत होती."

"मलाही वाटत होती," तुम्ही दंड धूत म्हणालात. "म्हणून काय दोघींनी घाबरत बसायचं? एकीने तरी झोपायचं." आणि शिट्टी गळ्यातून काढून कपाटात टाकलीत.

पुढच्या शनिवारी हे मला हाताला धरून घरी घेऊन गेले. मी आडवी झाले आणि मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा खोलीत संध्याकाळचं पिवळं ऊन होतं, मनू नव्हती, आणि ती कुठे आहे ते मला आठवेना. चप्पल न घालता रस्त्यापर्यंत धावले. वडापावच्या गाडीपाशी उभं राहिल्यावर आठवलं, ती तुमच्याकडे आहे. तिथेच खाली बसले. नंतर कितीतरी वर्षं प्रत्येक शनिवारची जाग अशीच यायची. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, म्हणजे झोप तरी लागते ना.

सासूबाई गावाहून आल्या की मला टोचायच्या, "कोना घर सोडी उनी व पोरले?" त्यांना वाटायचं, आईने पोर दुसरीकडे ठेवणं म्हणजे टाकून देणंच. मलाही थोडं तसंच वाटायचं. मनू घरात नसताना खोलीत जी शांतता असायची तिची मला गोडी लागली होती, आणि त्या गोडीची धास्ती वाटायची. एखाद्या शनिवारी मला तिला घ्यायला जावंसंच वाटलं नाही तर? हे मात्र मी तुमच्यापाशी बोलले होते. तुम्ही शेंगा सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "दर वेळी वेळेआधी येऊन उभी असतेस. मला चहासुद्धा पिऊ देत नाहीस."

आणि मग तुमच्या भावाचं सांगितलंत. एकदाच. कोकणातल्या तुमच्या घरी असाच एक भाऊ होता, तुमच्याहून धाकटा, ऐन विशीत गेला. त्याच्यापायी तुमची आई कधी उंबऱ्याबाहेर पडली नाही. "आईला मी कुणाच्या लग्नाला गेलेली पाहिली नाही," तुम्ही म्हणालात. "नव्या साड्या ट्रंकेत तशाच घडी मोडल्याशिवाय राहिल्या." माझ्या धाकट्या बहिणीचं अमळनेरला लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मनूला दोन दिवस ठेवून घेतलंत. मी पंगतीत बसून गरम गरम जेवले, बाई. वाढणाऱ्याने पुन्हा आग्रह केला आणि मी ताटावर आडवा हात धरला नाही. ते जेवण मला अजून आठवतं. आणि ते जेवताना डोक्यात काय चाललं होतं तेही आठवतं. आत्ता मनू कुठे असेल, दार लावलं असेल ना, नळ बंद असेल ना.

मग ती वयात आली आणि भीतीने रूप बदललं. आमलीत चहूकडे कंपन्यांतली एकटी पुरुषमाणसं, एकेका खोलीत आठ-आठ जण. मनू कुणाच्याही अंगाला जाऊन चिकटायची, आवडला तर शर्टाचा वास घ्यायची. तिला कोणी काही केलं तर ती सांगणार कसं? मी रात्री कडीला कुलूप लावून किल्ली उशाखाली घ्यायला लागले. तुम्हाला मी काही बोलले नव्हते. पण त्या सुमारास तुमचा भाचा गावाहून आला होता, नोकरी शोधायला. शनिवारी दुपारी मी मनूला घेऊन आले तर तो पिशवी घेऊन पायरीवर बसलेला. "संध्याकाळपर्यंत बाजारात फिर," तुम्ही त्याला सांगत होतात. तो म्हणाला, "आत्या, मी काय चोर आहे?" तुम्ही म्हणालात, "नाहीस. पण शनिवारी ह्या घरात पुरुष नाही. तू नाही, देवाचा बाप आला तरी नाही." त्याला राग आला. मला मात्र त्या आठवड्यात कुलूप लावल्यावर झोप लागली.

आता ते सांगायला हवं. ते मधे ठेवून आपण दोघी इतकी वर्षं हसत-बोलत राहिलो.

गणपतीचे दिवस होते, विसर्जनाची दुपार. दमणगंगा दोन्ही काठ भरून वाहत होती, धरणातून पाणी सोडलं होतं. मी घरी झोपले होते. दारावर थापा पडल्या. तुम्ही उभ्या होतात, पायात काही नाही, केस सुटलेले, हातात ती शिट्टी. "मनू इथे आली का?" एवढंच विचारलंत. तुमच्या घरासमोरून ढोल-ताशे जात होते, मनू कान दाबून ओरडायला लागली, तुम्ही खिडकी लावायला वळलात आणि ती दारातून निसटली.

आपण दोघी नदीकडे धावलो. गुलालाने माखलेली माणसं, ट्रॅक्टर, मूर्ती, पाण्यात उतरलेली पोरं. तुम्ही शिट्टी वाजवत होतात, लोक वळून बघत होते, तुम्ही ओरडत होतात, "लाल फ्रॉक! लाल फ्रॉकातली मुलगी पाहिली का?" मी पाण्याकडे बघत होते. पाण्यात सगळंच लाल दिसत होतं. त्या वेळात मी मनूला किती वेळा मेलेली पाहिली, ते माझं मला माहीत.

ती नदीवर नव्हती. एका कंपनीच्या आवारात उंचावरून पाणी पडतं, यंत्रं थंड करायचं, तिथे त्या पाण्याखाली बसली होती. वॉचमनने आमच्या ह्यांच्या ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवला. आपण पोहोचलो तर तो हैराण होऊन म्हणाला, "बहनजी, ये लडकी उठतीच नहीं. हाथ लगाओ तो काटती है." मनू भिजून चिंब, पाण्याच्या धारेखाली तोंड वर करून हसत होती. एवढी आनंदात मी तिला फार वेळा पाहिलेली नाही.

तिला उचलली आणि तुमच्याकडे वळून मी म्हणाले, "तुम्ही म्हणालात झोप. म्हणून मी झोपले."

तुम्ही पदराने मनूचं डोकं पुसायला लागलात.

त्यानंतर मी मनूला तुमच्याकडे पाठवणं बंद केलं. पुढच्या शनिवारी दुपारी तुम्ही आमलीला आलात. मी दार उघडलं नाही. तुम्ही बाहेर पायरीवर बसलात, थोड्या वेळाने उठून गेलात. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. दिवाळी आली, गेली. चाळीतले लोक विचारायला लागले, त्या मास्तरीणबाई उन्हात का बसतात? मी फटीतून बघायची. तुम्ही हाक मारली नाहीत, माफी मागितली नाहीत, दार वाजवलं नाहीत. एकदा बसल्या बसल्या तुमची मान खाली कलली, डुलकी लागली होती. तेव्हा मनू माझ्या मागून आली, कडी काढली आणि तुमच्या शेजारी जाऊन बसली. तुमचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि वरून दाबून धरला. तुम्ही जाग्या झालात. माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "चहा टाकते." त्यापलीकडे आपण त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नाही. माझं ते वाक्य मी परत घेतलं नाही. घ्यायचं होतं.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं, चार दिवस दवाखान्यात ठेवलं, त्यानंतरचा शनिवार. तुम्ही निवृत्त झाला होतात, क्वार्टर सोडून हंसाबेनच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्यात. मी ओट्यावर बसून विचारलं, "बाई, आमच्यामागे तुम्ही मनूला ठेवाल ना?"

"नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी तुझ्याहून वीस वर्षांनी मोठी आहे, लता. हिशेब येतो ना तुला?"

"तरी म्हणा. नुसतं हो म्हणा."

"नाही म्हणणार. मी हो म्हटलं की तू निर्धास्त होशील, आणि निर्धास्त झालीस की दुसरं माणूस शोधणार नाहीस."

"दुसरं माणूस आहे कुठे? अख्ख्या सिल्वासात कोण आहे?" मी ओरडले. "तुमच्याशिवाय तिला कोण हात लावू देतं?"

"तेच तर चुकलंय आपलं," तुम्ही म्हणालात. मी मनूला घेऊन तरातरा निघून आले. मला वाटलं तुम्ही हात झटकलेत. खोटं का होईना, मला त्या दिवशी तुमचं हो हवं होतं.

त्यानंतर दर शनिवारी हंसाबेन तुमच्याकडे बसलेली दिसायला लागली. तुमची घरमालकीण, विधवा, मुलगा सुरतेला. कधी पापड लाटायची, कधी नुसती माळ ओढत बसायची. मला आवडलं नाही. मी म्हटलं, "मनूला गर्दी चालत नाही." तुम्ही म्हणालात, "एक हंसाबेन म्हणजे गर्दी?" मनू तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मग कधीतरी तिच्या लाटण्याला हात लावायला लागली. मग तिच्या माळेचे मणी ओढायला. मला वाटायचं, ह्या वयात बाईंना सोबत लागत असेल. तुमच्या पायांवर सूज यायला लागली होती, ती तुम्ही पातळाच्या काठाखाली लपवायचात. ओट्याच्या पायऱ्या चढताना मधे थांबून उगीच मनूशी बोलायचात, दम लागलाय हे कळू नये म्हणून. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पाहिलं असतं तर घाबरावं लागलं असतं.

दवाखान्यात मी तुम्हाला भेटायला आले, पण मनूला घेऊनच यावं लागलं. फिनेलच्या वासाने ती वॉर्डाच्या दारातच खाली बसली, उठेना. तिचा हात सोडला तर ती कुठे जाईल सांगता येत नव्हतं, आणि धरून ठेवला तर मला तुमच्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. तुमची खाट त्या टोकाला. आपण एकमेकींकडे लांबून बघत राहिलो. जे बोलायचं होतं ते एवढ्या खाटांवरून ओरडून कसं सांगायचं? तुम्ही हात उचललात आणि जा, जा अशी खूण केलीत. शाळेची पोरं मैदानावरून पिटाळायचात तशी.

तुम्हाला न्यायला हे गेले. मी आले नाही. आजवर कुणाच्या मौतीला जायचं झालं की मनूला तुमच्याकडे ठेवून जायची. तुमच्या वेळी कुठे ठेवू?

काल शनिवार होता. दुपारी मनूने चप्पल घातली आणि दाराशी उभी राहिली. न्यावं की न न्यावं मला कळेना. शेवटी घेऊन आले. तुमच्या खोल्यांना कुलूप. ती कुलपावर कपाळ आपटायला लागली. आवाज ऐकून हंसाबेन पुढच्या दाराने आली, काही न बोलता किल्ली काढून कुलूप उघडलं. आत काही नव्हतं. भाचा सगळं घेऊन गेला होता. मनू भिंतीला हात लावत खोलीभर फिरली, मोरीत गेली, परत आली, खाटेच्या जागी मोकळ्या फरशीवर बसली आणि मनगट चावायला लागली.

"भाभी, तुम्ही जा," हंसाबेन म्हणाली.

"कुठे जाऊ? हिला असं टाकून?"

"बाईने मला सगळं शिकवलं छे. पाण्याची चावी बंद करायची, ढोल वाजला तर पहिलं बारणं लावायचं, दरवाजा, मग खिडकी." तिने गळ्यातली माळ मुठीत धरली. "मला पण बीक लागते, भाभी, भीती वाटते. खूप बीक लागते. पण तुम्ही जा."

बाई, तेव्हा मला कळलं की त्या भांडणानंतरची दोन वर्षं तुम्ही काय करत होतात.

मी निघाले. नदीवर गेले, जिथे तुम्हाला नेलं तिथे. राखसुद्धा उरली नव्हती, जागा झाडून काढलेली होती. पाणी खाली गेलं होतं, दगड उघडे पडले होते. मी एका दगडावर बसले आणि ते वाक्य मोठ्याने परत घेतलं. म्हटलं, त्या दिवशी मी झोपले ते तुमच्यामुळे, आणि आज जिवंत आहे तीही तुमच्यामुळेच. पलीकडे कपडे धुणारी एक बाई माझ्याकडे बघत राहिली. मग मला रडू आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही.

परत येताना पाय आपोआप धावायला लागले. कोपऱ्यावरून बघितलं तर दार सताड उघडं आणि आतून काही आवाज नाही. धापा टाकत पोहोचले. हंसाबेन उंबऱ्यावर बसली होती, एका चौकटीला पाठ टेकून, दुसरीला पाय लावून, कुणालाही बाहेर जाता येऊ नये अशी. गालावर नखांचे लाल ओरखडे. आत मनू फरशीवर झोपली होती, हातात हंसाबेनची माळ.

"धीमे, भाभी. आत्ताच सुती आहे," हंसाबेन कुजबुजली. मग म्हणाली, "आवत्या शनिवारी किती वाजता आणाल?"

मी तिच्या केसांकडे पाहिलं. सगळे पांढरे आहेत, बाई, तुमच्यापेक्षाही. हात थरथरतात. हिशेब मला येतो.

"दोन वाजता," मी म्हटलं.